दुसरा चौकोन

आजवर मी अकरा जणींना विमानतळावर नेऊन पोचवलं. पोचवलं हा शब्द जरा मऊ झाला. पाठवणी केली म्हणायला हवं, फक्त पाठवणीला आलेली माणसं रडतात आणि मी एकदाही रडले नाही. मुलींना जपानी समजावून सांगणं हे माझं काम. मुली गप्प राहतील याची सेनो-सानना खात्री देणं हेही माझंच काम, पण ते नेमणूकपत्रात लिहिलेलं नाही.

मी बुई थी ख्वे, व्हिएतनामातल्या थाइ बिन्हची. जपानात येऊन चौदा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं याच खाडीकाठी शेडमध्ये कालवं फोडली. त्याच्या खुणा डाव्या तळहातावर आहेत, मोजायला गेलात तर संध्याकाळ होईल. मग भाषा शिकले, परीक्षा दिल्या आणि व्हिएतनामहून मुली आणून शेडवाल्यांना पुरवणाऱ्या संस्थेत दुभाषी म्हणून लागले. सेनो-सान त्या संस्थेचे प्रमुख. माझा व्हिसा ऑफिसातल्या कामाचा आहे आणि दरवर्षी त्यांच्या पत्रावर पुढे सरकतो. नऊ वेळा अर्ज केला, नऊ वेळा एक-एक वर्षाचा मिळाला. इतरांना तीन वर्षांचा मिळतो, काहींना पाच. मला का नाही असं एकदा विचारलं, तर सेनो-सान म्हणाले की संस्था लहान आहे, धीर धरा. मी धीर धरला. त्यात मी पटाईत आहे.

आता लुआचं सांगते. ती चोवीस वर्षांची, बांध्याने लहान, जिभेने तिखट. मुकाई-सानच्या शेडमध्ये तिला वीस महिने झाले होते, सोळा उरले होते. तिचा सगळा जीव त्या सोळा महिन्यांत होता, कारण प्रशिक्षणार्थी म्हणून आलेल्या मुलीला मालक बदलता येत नाही. मालक चांगला निघाला तर नशीब, वाईट निघाला तरी तोच. पण मुदत पुरी केली की परीक्षा न देता कुशल कामगाराचा व्हिसा मिळतो, आणि त्यावर आपला मालक आपण निवडता येतो. मुदत अर्धवट टाकून ‘स्वेच्छेने’ घरी गेलं की ते दार बंद. पुन्हा प्रशिक्षणार्थी म्हणून येता येत नाही आणि कुशल म्हणून यायला मुदत पुरी झालेली नसते. लुआने ओनोमिचीला एक मासळीचा कारखाना आधीच हेरून ठेवला होता. तिथली बाई कामगारांना नावाने हाक मारते, एवढंच तिला त्याच्याबद्दल माहीत होतं आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

सप्टेंबरात हंगाम सुरू व्हायच्या आधी सासरे वारले म्हणून ती दोन आठवडे घरी जाऊन आली. नोव्हेंबरात, ऐन हंगामात, एका सकाळी ती कालवं फोडायच्या फळीवरून उठली, सुरी ठेवली आणि दारापाशी जाऊन ओकली.

कालवाच्या शेडमध्ये कुणी ओकलं तर काय होतं हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आग लागली तरी एवढी पळापळ होत नसेल. कालवांतून पोटाचा विषाणू पसरतो आणि एका शेडचं नाव खराब झालं की अख्ख्या खाडीचा माल पडून राहतो. मुकाई-सानच्या बायकोने ब्लीचची बादली आणली, सगळ्यांना बाहेर काढलं, त्या दिवशीचा माल बाजूला केला आणि लुआला तोंडाला दोन मास्क लावून दवाखान्यात धाडलं. सोबत मी.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी तपासण्या केल्या, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, विषाणू नाही, नववा आठवडा आहे, अभिनंदन. मी ते लुआला सांगितलं. ती आधी हसली आणि मग म्हणाली, “म्हणजे कालवं विकता येतील. मालकाला आनंद होईल.”

मालकाला आनंद झाला नाही. विषाणू असता तर आठवड्याभरात तिला परत फळीवर बसवलं असतं, फळंबिळंही पाठवली असती. बाळ म्हटल्यावर मुकाई-साननी सरळ सेनो-सानना फोन केला. सेनो-साननी मला बोलावून घेतलं.

कायदा काय म्हणतो ते सेनो-सानना पाठ आहे. बाळंतपणासाठी मुलीला काढता येत नाही. ती काम थांबवून घरी जाऊ शकते, बाळंत होऊन परत येऊन उरलेली मुदत पुरी करू शकते. ही माहिती आम्ही दरवर्षी मुलींना छापील कागदावर देतो, त्याचं व्हिएतनामी भाषांतर मीच केलं आहे. पण मुकाई-सानना हंगामात हात हवे होते, आणि रजेवर गेलेल्या मुलीची जागा अडून राहते. मुलगी आपणहून गेली तर मात्र जागा मोकळी होते. सेनो-सान हे सगळं अतिशय सभ्यपणे सांगतात. नऊ वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला, ‘घरगुती कारणास्तव स्वेच्छेने मायदेशी परत जात आहे’, खाली लुआचं नाव टाइप केलेलं, आणि त्याच्यापुढे एक छोटं रिकामं वर्तुळ. मग ते शांतपणे म्हणाले, “डबा आणता का?”

डब्याचं सांगायला हवं. आमच्या देशात माणूस सही करतो. शिक्का असतो तो सरकारचा, ऑफिसचा. माणसाचा शिक्का ही गोष्टच आम्हाला ठाऊक नसते. मुली इथे आल्या की आम्ही प्रत्येकीला तिच्या नावाचा बोटाएवढा शिक्का करून देतो. त्या हसतात, हातावर, वहीवर, एकमेकींच्या कपाळावर उठवून बघतात. आणि मग ‘हरवेल, ऑफिसात राहू दे’ म्हटलं की छत्री ठेवावी तसा आमच्याकडे ठेवून जातात. इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं की शिक्का दुसऱ्याला द्यायचा नसतो. आमच्या मुलींना कळत नाही, आणि कळू नये अशीच आमची व्यवस्था आहे. चहाच्या पत्र्याच्या डब्यात एकतीस शिक्के आहेत. महिन्याचे कागद आले की मी एका दमात सगळे उठवते.

त्या मंगळवारीही मी डबा आणला. लुआचा शिक्का शोधला, शाई लावली, त्या वर्तुळात उठवला. त्या वेळी लुआ शेडमध्ये कालवं फोडत होती. मी हे अजाणता केलं असं म्हणणार नाही. कागद वाचला होता, दोन्ही भाषांत. माझा स्वतःचा व्हिसा महिन्याभरात संपत होता आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझा अर्ज सेनो-सानच्या पत्राची वाट बघत पडला होता. आणि खरं सांगायचं तर मी घाबरले.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. सेनो-सान गाडी चालवत होते, मी आणि लुआ मागे. कान्साईच्या विमानतळापर्यंत चार तास. लुआला बुधवारी एवढंच सांगण्यात आलं होतं की कागदावर तुझा शिक्का झाला आहे, तिकीट काढलं आहे, सामान भर. ती ओरडली नाही, रडली नाही. मी तिच्यापाशी बसून मदत करायला लागले तर म्हणाली, राहू दे ताई, तुझे हात दुखतील. तिच्या शेजारच्या मुलींनी तिला चिकट भाताच्या केळीच्या पानातल्या पुड्या बांधून दिल्या होत्या, त्यांचा वास गाडीभर सुटला होता.

ओकायामा मागे पडल्यावर सेनो-सान आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, “ख्वे-सान, त्या चौकोनांचं तिला समजावून ठेवा. मागच्या वेळी उगीच गोंधळ झाला.”

मुदतीआधी जाणाऱ्या प्रशिक्षणार्थीला विमानतळावर इमिग्रेशनचा माणूस थांबवतो आणि तिच्या भाषेतला एक कागद देतो. त्यावर दोन चौकोन असतात. पहिला, मी माझ्या इच्छेने जात आहे. दुसरा, मी माझ्या इच्छेने जात नाही. तिथे आम्हाला तिच्यासोबत जाता येत नाही, म्हणून सगळी शिकवणी गाडीतच. अकरा जणींना मी ती दिली आहे. वरच्या चौकोनात खूण कर, कागद परत दे, मान लववून आभार मान. तिसऱ्या मुलीने खाली काय लिहिलंय विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं, तो आजारी लोकांसाठी असतो.

सेनो-सानना व्हिएतनामीतलं नमस्कार आणि किती झाले एवढंच येतं. म्हणून मी त्यांच्या समोरच लुआला शिकवणीच्या सुरात सांगायला लागले की असा-असा कागद देतील, वर आणि खाली चौकोन असतील.

“खालच्यात काय लिहिलंय?” तिने विचारलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं. आणि मग सांगितलं. खरं तेच सांगितलं, कारण तिने सगळ्यांसारखं भीत-भीत विचारलं नव्हतं. उत्तर तिला आधीच माहीत असल्यासारखं विचारलं होतं.

“मग मी खालच्यात खूण करणार,” ती म्हणाली.

मी तिला समजवायला लागले. म्हटलं, त्याने काय होईल, आज नाही गेलीस तर राहशील कुठे, मुकाई-सान फळीवर घेणार नाहीत, तुझी बाजू कोण मांडेल, भाषा अजून धड येत नाही, पोटात पोर आहे, त्याचा तरी विचार कर. हे सगळं मी पाठ केल्यासारखं बोलत होते आणि माझं मलाच ऐकवत नव्हतं.

लुआने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुला किती वर्षांचा व्हिसा देतात गं, ताई?”

“एक.”

“चौदा वर्षं मान खाली घालून एक?” ती म्हणाली. “मग मी मान वर करून बघते. शून्य मिळालं तर तुझ्यापेक्षा एकच कमी.”

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. राग आला, फार राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता. समोर नीट कापलेल्या केसांखालची सेनो-सानची मान होती. शर्टाची कॉलर कडक इस्त्रीची.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “कागदावर माझा शिक्का आहे म्हणतात. मी तर उठवला नाही. कुणी उठवला?”

“मी,” मी म्हटलं.

तिने पिशवी मांडीवर ओढली. भाताची एक पुडी सोडली, अर्धी मला दिली. मी खाल्ली.

“समजलं का तिला?” सेनो-साननी विचारलं.

“चांगलं समजलं,” मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलताना खोटं बोलावं लागलं नाही.

विमानतळावर सेनो-साननी तिची बॅग स्वतः उचलून काउंटरवर ठेवली, तिला औषधाची पिशवी दिली, प्रकृतीला जपा म्हणाले. हा माणूस वाईट दिसला असता तर बरं झालं असतं. तपासणीच्या दाराशी लुआने मान लववली नाही. नुसती आत गेली. आम्ही दोघं बाकावर बसलो. सेनो-सान म्हणाले की विमान उडेपर्यंत थांबू, मग वाटेत जेवू, इथल्या उदोन नूडल्सची चव बरी असते.

वीस मिनिटांनी गणवेशातला एक माणूस दाराशी आला आणि विचारू लागला की इथे बुई-सान कोण आहे.

सेनो-सान माझ्या आधी उठले. मी संस्थेचा प्रमुख, काही अडचण आहे का, असं त्यांनी विचारलं. तो अधिकारी मध्यमवयीन होता, हिरात्सुका नावाचा, थकलेल्या डोळ्यांचा. तो म्हणाला की अडचण अशी काही नाही, पण त्या बाईंनी दुभाषी म्हणून यांचं नाव घेतलंय. एरवी संस्थेच्या माणसाला आम्ही आत घेत नाही. फोनवरचा दुभाष्या पाऊण तासाने मिळणार आहे आणि विमान चाळीस मिनिटांत जातंय, आणि त्या बाई यांनाच बोलवा म्हणून हट्टाला पेटल्यात. नंतर फोनवरून सगळं पुन्हा तपासून घेऊच.

सेनो-साननी माझ्याकडे पाहिलं. आवाज तसाच सभ्य होता. “ख्वे-सान, शांतपणे सांभाळा. तुमचं पत्र मी सोमवारी शिक्का मारून पाठवणारच होतो.”

मी त्यांना मान लववली. सवय जाता जात नाही.

आत एका छोट्या खोलीत लुआ टेबलाशी बसली होती. तिच्यासमोर तो कागद होता आणि खालच्या चौकोनात एवढी जोरात खूण केलेली की पेनाने कागद फाटला होता. हिरात्सुका-सान समोर बसले, मला बाजूची खुर्ची दिली. त्यांनी बजावून सांगितलं की बाई जे बोलतील तेवढंच सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचंही नाही. मी हो म्हटलं. हा नियम मला कुणी शिकवायला नको. गाळायचं काम मी नऊ वर्षं इमानेइतबारे करत आले होते.

लुआ बोलली. घाईने नाही, एकेक वाक्य, मला भाषांतराला वेळ देत. मी घरी जाण्याचा अर्ज केलेला नाही. मी गरोदर आहे, आजारी नाही. एप्रिलपर्यंत मी काम करू शकते, मग घरी जाऊन बाळंत होईन आणि परत येऊन माझे उरलेले महिने पुरे करीन. कायद्यात तसं आहे, आम्हाला दिलेल्या कागदात ते आमच्या भाषेत लिहिलंय. मला आज विमानात बसायचं नाही.

मी प्रत्येक शब्द पलीकडे पोचवला. एकही पडू दिला नाही. माझं जपानी त्या दिवशी जितकं चांगलं होतं तितकं परीक्षेतही नव्हतं.

हिरात्सुका-साननी फाइलमधून संस्थेने पाठवलेल्या कागदाची प्रत काढली. “इथे तर स्वेच्छेने जात असल्याचं लिहिलंय आणि तुमचा शिक्का आहे. हा शिक्का तुमचा आहे का?”

मी ते तिला सांगितलं.

लुआने कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर. “शिक्का माझा आहे,” ती म्हणाली. “पण तो ऑफिसात असतो. कुणी उठवला ते मला माहीत नाही.”

गाडीत तिने विचारलं होतं, मी उत्तर दिलं होतं, अर्धी पुडी अजून माझ्या पोटात होती. ही चोवीस वर्षांची पोर, जिचा हंगाम, व्हिसा, कारखाना सगळं मी एका बोटाच्या दाबाने घालवायला निघाले होते, ती मला पाठीशी घालत होती. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी भाषांतर केलं. शिक्का तिचा आहे. तो ऑफिसात असतो. कुणी उठवला ते तिला माहीत नाही. आणि त्याच आवाजात, श्वासही न घेता, पुढे बोलत राहिले. तो शिक्का मंगळवारी सकाळी संस्थेच्या ऑफिसात दुभाषीने उठवला. प्रमुख सेनो-साननी तो उठवायला सांगितला आणि ते समोर बसले होते. ही बाई तेव्हा तिथे नव्हती, शेडमध्ये काम करत होती.

हिरात्सुका-सान लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी डावा हात पुढे करून फोन उचलला आणि विमान कंपनीला सांगितलं की अमुक नावाची बाई जाणार नाही, तिची बॅग उतरवा. लुआला तेवढं जपानी कळलं. तिने दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले आणि डोळे मिटले.

मग त्यांनी लिहिलेलं पहिल्यापासून वाचून दाखवलं. शेवटापर्यंत आल्यावर ते थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, “बाई शेवटी फार थोडं बोलल्या. तुम्ही बरंच सांगितलंत. हे सगळं त्यांचंच आहे का?”

लुआने माझं कोपर धरलं. आमच्या भाषेत हळूच म्हणाली, “ताई, हो म्हण. तुझा व्हिसा जाईल.”

ते मी भाषांतर केलं. काही गाळायचं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. “या म्हणतात, ताई, हो म्हण, तुझा व्हिसा जाईल.”

हिरात्सुका-साननी पेन खाली ठेवलं.

“शेवटची तीन वाक्यं यांची नाहीत,” मी म्हणाले. “ती माझी आहेत. त्यांच्या जबानीतून काढा आणि वेगळ्या कागदावर माझ्या नावाने लिहा. बुई थी ख्वे. आणि खाली मी सही करीन.”